तास सांभाळावा कसा: मराठवाड्यातील नव्या प्राध्यापकांसाठी

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाला, मग तो पूर्णवेळ नेमणुकीवर असो वा तासिका तत्त्वावर, पहिल्या काही महिन्यांतच दोन गोष्टी भेटतात. वर्गात, स्टाफरूममध्ये आणि उत्तरपत्रिकांमध्ये रोज काही ना काही हसू येण्याजोगे घडते. आणि त्याच दिवशी रिकामे बाक, पुन्हा पुन्हा मागवली जाणारी तीच माहिती आणि लांबलेल्या बैठका यांनी जीव मेटाकुटीला येतो. सेट किंवा नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या अभ्यासात या दोहोंपैकी कशाचीच तयारी होत नाही, म्हणून ती येथे मांडण्याचा प्रयत्न आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे उदाहरणे त्या विषयाची येतील. पद्धत मात्र भाषेच्या, इतिहासाच्या किंवा वाणिज्याच्या शिक्षकालाही उपयोगी पडावी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की वर्गातला तास हा या नोकरीचा गाभा आहे, आणि बाकीचे प्रत्येक काम त्या तासाला धक्का न लावता कसे होईल हे शिक्षकाने पहिल्याच वर्षी ठरवून टाकावे. नंतर सवयी पक्क्या होतात आणि मग ते ठरवणे अवघड जाते.

वर्षाचा आराखडा रानाकडे पाहून करावा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, आणि वर्षभरात ३० आठवड्यांचे, म्हणजे १८० दिवसांचे अध्यापन व्हावे, अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सैद्धान्तिक विषयाच्या एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) १५ तास मोजले जातात. हे आकडे समोर ठेवून टीचिंग प्लॅन लिहिला की कागदावर सगळे घटक व्यवस्थित बसतात. परंतु कोणत्या आठवड्यात बाकांवर किती मुले-मुली असतील, हे विद्यापीठाचे वेळापत्रक सांगत नाही. ते आजूबाजूच्या रानावर अवलंबून असते.

म्हणून प्लॅनच्या शेजारी परिसराचे पंचांग लिहून काढावे. पोळा आणि महालक्ष्म्या यांचे दिवस ठरलेलेच असतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची काढणी सुरू होते आणि पाऊस अंगावर येण्याच्या भीतीने घरातील प्रत्येक हात रानात लागतो. त्यानंतर कापसाची वेचणी येते. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. लातूर आणि धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावेच्या गावे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि आंबील-भज्जीचे जेवण होते, तेव्हा त्या दिवशी चाचणी ठेवण्यात अर्थ नसतो. फेब्रुवारीत हरभरा काढणीला येतो. मध्येच पोलीस भरतीची तारीख जाहीर झाली, तर मैदानावर धावणारी मुले पहाटेच थकलेली असतात आणि पहिल्या तासाला त्यांचे डोळे मिटतात.

हे पंचांग हाती आले की प्लॅनची मांडणी बदलते. जे घटक समजायला जड आहेत, ज्यांना आकृत्या आणि गणित लागते, ते जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आटोपावेत. काढणीच्या आठवड्यांत नवा घटक मुळीच सुरू करू नये. वर्ग भरेल तेवढ्या मुलांना घेऊन उजळणी, उताऱ्यांचे वाचन, उत्तरलेखनाचा सराव, अशी कामे करावीत, म्हणजे आलेल्याला आल्याचे समाधान मिळते आणि न आलेल्याचे भरून न येणारे नुकसान होत नाही. असे केले नाही, तर ऑक्टोबरात आठ-दहा जणांपुढे शिकवलेला घटक नोव्हेंबरात पुन्हा शिकवावा लागतो आणि जे आधी आले होते त्यांचा हिरमोड होतो. वर्गातील प्रामाणिक मुलांना कंटाळा आणणे ही फार मोठी हानी आहे, आणि तिची नोंद कोणत्याच अहवालात होत नाही.

येळवसाच्या आदल्या दिवशी एखादा मुलगा संकोचत येतो आणि म्हणतो, "सर, उद्या आमच्या रानात या की." शक्य असेल तर जरूर जावे. ज्या मुलाच्या कोपीत आपण जेवलो, तो मुलगा पुढच्या आठवड्यात पहिल्या बाकावर येऊन बसतो, आणि त्याच्या वडिलांशी बांधावर झालेल्या गप्पांतून आपल्याला शिकवण्यासाठी अनेक उदाहरणे मिळतात.

हजेरी

हजेरीबद्दल नव्या शिक्षकाला सर्वांत लवकर वैताग येतो. ७५ टक्के हजेरीचा नियम सर्वांना ठाऊक असतो, आणि एका कोपऱ्यातून एकच आवाज दोन वेगवेगळ्या क्रमांकांना "यस सर" म्हणतो तेव्हा सगळा वर्ग हसू दाबून बसतो. असे घडले की रागावून तास संपवू नये. हसू येण्याजोगीच ती गोष्ट आहे, आपणही हसावे, आणि लगेच त्या न आलेल्या मुलाची चौकशी त्याच मित्राकडे करावी: तो कोणत्या गावचा, का आला नाही, कधी येणार. चौकशी खरोखर केली, आणि तो मुलगा आल्यावर त्याला नावाने हाक मारून विचारले, की खोटी हजेरी आपोआप कमी होते, कारण आपल्या नसण्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे हे वर्गाला समजते.

पहिला महिना कॅटलॉगमधील क्रमांकाने हजेरी घेऊ नये. नाव आणि गाव विचारून घ्यावी, वेळ गेला तरी चालेल. गाव कळले की पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतात. "सर, यष्टीच आली नाही" हे कारण पुष्कळदा खरे असते. ज्या गावाला सकाळची एकच बस आहे, तिथल्या सात-आठ मुली त्या बसवरच अवलंबून असतात आणि ती चुकली की दिवस जातो. आगाराचे वेळापत्रक एकदा स्वतः पाहून यावे, कोणत्या दिशेची बस किती वाजता पोहोचते ते लिहून ठेवावे, आणि वेळापत्रक समितीला विनंती करावी की सर्वांना अनिवार्य असलेला विषय बस येण्यापूर्वीच्या पहिल्या तासाला किंवा परतीच्या बसच्या वेळेला ठेवू नये. समितीतील सहकारी हे ऐकतात, फक्त त्यांच्यापुढे गावांची नावे आणि बसच्या वेळा लेखी ठेवाव्या लागतात.

टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांचा विचार दसऱ्यापूर्वीच करावा. वर्गात सर्वांदेखत विचारू नये. तासानंतर एकेकट्याशी बोलावे. कोण जाणार आहे, कधी परतणार आहे, सोबत कोणाचा फोन असेल, एवढे समजून घ्यावे आणि त्याच्या हाती प्रत्येक घटकाची पुस्तकातील नेमकी पाने लिहिलेला एक कागद द्यावा. "अभ्यास कर" असे सांगून पाठवलेला मुलगा काहीच करीत नाही, कारण कारखान्याच्या तळावर पालात बसून काय वाचायचे हे त्याला कळत नाही. "पान ४० ते ४६ वाच आणि त्यावर हा एक प्रश्न लिहून ठेव" असे सांगितलेला मुलगा काहीतरी करून आणतो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याला फोनवरून आपण कळवावी, कारण ही मुले अभ्यासात मागे पडण्याआधी अर्जाच्या तारखेलाच मागे पडतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी एकाएकी यायची थांबते आणि मैत्रिणी सांगतात की तिचे लग्न ठरले आहे. तिथे आपला अधिकार चालत नाही, पण घरच्यांना एवढे निश्चित सांगता येते की लग्नानंतरही परीक्षा देता येते, अर्ज आताच भरून ठेवा, आणि परीक्षेच्या दिवसांत तिला येऊ द्या. वडिलांशी बोलताना आवाज खाली ठेवावा आणि आईशीही बोलावे. "सर, लेकराकडं लक्ष असू द्या" असे प्रवेशाच्या वेळी म्हणणारी माणसे हीच असतात, त्या शब्दांची त्यांना आठवण करून द्यावी.

हसायचे कशाला आणि कोणाला

या भागातील उच्च शिक्षणाचा इतिहास छोटा आहे, हे शिक्षकाने कायम ध्यानात ठेवले पाहिजे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि येथील मोजकी महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले ते १९५० मध्ये. आजचे मिलिंद महाविद्यालय ते हेच. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये. म्हणजे समोर बसलेल्या कित्येक मुलांच्या आजोबांना शिकायचे असते तरी जवळपास महाविद्यालय नव्हते. आज वर्गात आलेले मूल पुष्कळदा त्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेले पहिलेच असते. त्याने "प्राचार्य" ऐवजी "हेडसर" म्हटले, ग्रंथालयात चपला काढून आत गेला, किंवा पहिल्याच दिवशी अर्जावर पालकाचा अंगठा घेऊन आला, तर ते हसण्याचे विषय नव्हेत.

म्हणून वर्गातील विनोदासाठी मी एक मर्यादा पाळतो आणि ती नव्यांनीही पाळावी असे मला वाटते: प्रसंगावर हवे तेवढे हसावे, व्यक्तीवर हसू नये. प्रसंग तर भरपूर असतात. पत्र्यावर पावसाची सर आली की शिक्षकाचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. ऐन आकृती काढताना वीज जाते. कधी दारातून शेळी डोकावते आणि सगळा वर्ग तिच्याकडे पाहतो. अशा वेळी ओरडून शिकवण्याचा अट्टहास करू नये. पावसाची सर थांबेपर्यंत फळ्यावर एक प्रश्न लिहून मुलांना त्याचे उत्तर वहीत लिहायला लावावे. आणि शेळीला बाहेर नेण्याचे काम ज्याला सर्वांत जास्त हसू येत आहे त्याच्याकडेच सोपवावे. असा क्षण मोकळेपणाने हसून घालवला की पुढची दहा मिनिटे वर्ग शांत असतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उत्तरांवर येणारे हसू अधिक नाजूक असते, आणि शिकवण्याची खरी संधीही तिथेच असते. मी प्रथम वर्षाच्या वर्गात "भांडवल कशाला म्हणतात?" असे विचारले, की मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी म्हणते, "सर, सावकाराकडून आणतात ते." वर्ग हसतो. शिक्षकाने येथे "चूक" म्हटले, तर तो मुलगा वर्षभर तोंड उघडणार नाही. त्याऐवजी ते वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यालाच पुढचे प्रश्न विचारावेत: त्या पैशाचे काय केले? बियाणे आणले, खत आणले, विहिरीवर मोटार बसवली. यातले एका हंगामात संपून जाते ते कोणते, आणि दहा वर्षे टिकते ते कोणते? पैसा उसना आणला, हे झाले कर्ज. त्यातून जी मोटार आली, ती भांडवल. आणि तोच पैसा लग्नात खर्च झाला असता तर? तासाच्या अखेरीस चालू भांडवल, स्थिर भांडवल आणि उपभोगासाठी काढलेले कर्ज हे तिन्ही भेद त्या एका उत्तरातून निघालेले असतात. ज्याच्यावर वर्ग हसला होता, त्याचेच वाक्य फळ्यावर शेवटपर्यंत राहते, आणि बाहेर पडताना त्याची मान ताठ असते.

उदाहरणे जवळची घ्यावीत, पण ती नेमकी असावीत. पुरवठ्याला वेळ लागतो, हे समजावताना मी तुरीचे उदाहरण घेतो. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. ते पाहून २०१६ च्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही बरा झाला, आणि माल बाजारात आला तेव्हा बोनससह ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर असतानाही बाजारभाव त्याच्या खाली घसरला. या वर्गातल्या मुलांच्या घरांनी खरेदी केंद्रांपुढच्या रांगा पाहिलेल्या असतात. पाठ्यपुस्तकातील वक्ररेषा त्यांना परक्या वाटतात. आपल्या घरची तूर त्या रेषेवर कुठे बसते हे दाखवले की ती रेषा ते स्वतः काढून दाखवतात.

बोलीबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. "काल रानात गेल्तो", "पेपर लई अवघड होता" असे बोलणाऱ्या मुलाचे वाक्य चारचौघांत दुरुस्त करू नये. लेखनात प्रमाण मराठी लागते, ते लेखनाच्या तासाला शिकवावे. बोलताना त्याला त्याच्या भाषेत विचार पुरा करू द्यावा, कारण अर्धे वाक्य अडवले की विचारही अर्धाच राहतो. "सर, आयएमपी सांगा" ही मागणीही दर वर्षी येते, आणि तिचा राग करण्याचे कारण नाही. घटक शिकवून झाल्यावर महत्त्वाचे प्रश्न सांगण्याऐवजी घटक सुरू करतानाच ते फळ्यावर लिहून द्यावेत. मग तीच मागणी शिकण्याचा नकाशा होते.

उत्तरपत्रिका

अंतर्गत चाचणीच्या आणि सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रत्येक शिक्षकाला काही ओळखीची वाक्ये भेटतात. आकृती काढलेलीच नसते आणि खाली लिहिलेले असते, "वरील आकृतीवरून हे स्पष्ट होते." उत्तराची सुरुवातच होते, "मागील प्रकरणात आपण पाहिले की..." शेवटच्या पानावर परीक्षकाला उद्देशून विनंती असते: वडील आजारी आहेत, लग्न जमले आहे, एवढ्या विषयात सोडवा. कधी परीक्षकाला देवाची शपथ घातलेली असते.

पहिली दोन वाक्ये कुठून येतात हे उघड आहे. ती गाइडमधून शब्दशः पाठ केलेली असतात, आणि पाठ करणाऱ्याने "मागील प्रकरण" हे शब्दसुद्धा उत्तराचाच भाग समजून पाठ केलेले असतात. यावर हसून पुढे जाणे सोपे आहे, पण ज्याला आपण शिकवले त्याला उत्तर आणि गाइडचे पान यांतील भेद कळलेला नाही, ही माहिती त्या वाक्याने आपल्याला दिलेली असते. त्यावर मला सापडलेला उपाय असा, की महिन्यातून एक तास फक्त लिहिण्यासाठी राखावा. वह्या आणि गाइड बंद ठेवून, नुकत्याच शिकवलेल्या घटकावर दहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगाव्यात, त्यांतील तीन-चार त्याच वेळी वाचून दाखवाव्यात, नावे न घेता. सुरुवातीला मुले चार ओळींतच अडतात. दिवाळीपर्यंत दहा ओळी होतात, आणि त्या दहांतील सहा तरी त्यांच्या स्वतःच्या असतात. गुण देताना अशा स्वतःच्या ओळीला, ती ओबडधोबड असली तरी, पाठ केलेल्या गुळगुळीत परिच्छेदापेक्षा जास्त मोल द्यावे आणि तसे वर्गात आधीच सांगून ठेवावे.

गठ्ठा तपासताना एक उत्तरपत्रिका संपवून दुसरी घेण्यापेक्षा सर्वांचा पहिला प्रश्न आधी, मग सर्वांचा दुसरा, असे तपासले तर गुणांत समानता राहते आणि कंटाळाही कमी येतो. हे अंतर्गत चाचणीला सहज जमते. विनंतीची पत्रे वाचून गुण वाढवू नयेत आणि चिडून कमीही करू नयेत. पत्र अंतर्गत परीक्षेतील असेल आणि मूल आपल्याच वर्गातले असेल, तर नंतर त्याच्याशी बोलावे, कारण त्यातली काही पत्रे अगदी खरी असतात.

मूल्यांकन केंद्रावर दुपारी चहाच्या वेळी कोणीतरी अशी उत्तरे मोठ्याने वाचून दाखवते आणि हल्ली त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरतात. याबाबत मी ठाम आहे: उत्तरपत्रिकेचे छायाचित्र काढू नये, आलेले पुढे पाठवू नये, आणि सहकाऱ्याने काढले तर त्याला शांतपणे थांबवावे. उत्तरपत्रिका गोपनीय असते हे तर आहेच, पण ज्या मुलाने भीतीने शपथ लिहिली, त्याने ती आपल्यावर विश्वास ठेवून लिहिलेली असते.

पर्यवेक्षणाचे काम आले तर कॉपीचा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे, भरारी पथकेही येतात. तरीही पर्यवेक्षकाने पेपर सुरू होण्यापूर्वीची पाच मिनिटे नीट वापरली तर पुढचे पुष्कळसे प्रसंग टळतात. प्रश्नपत्रिका देण्याआधी स्पष्ट सांगावे की खिशात, कंपासपेटीत, प्रवेशपत्राच्या मागे जे काही असेल ते आता बाहेर ठेवून या, कोणालाही नाव विचारले जाणार नाही. चिठ्ठ्यांचा बऱ्यापैकी ढीग तिथेच जमतो. नंतर सापडलेल्यावर नियमाप्रमाणे कारवाई करावी, पण आरडाओरडा करून उरलेल्या मुलांचा पेपर बिघडवू नये.

कागदांचे काम

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकने, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, महाविद्यालयांच्या मूल्यमापनाला शिस्त आणली, आणि आजवरच्या सात निकषांच्या चौकटीत अध्यापन, संशोधन, विद्यार्थी साहाय्य अशा प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला जातो. वार्षिक गुणवत्ता अहवाल, फीडबॅक फॉर्म, मेंटॉर-मेंटी नोंदवही, कार्यक्रमाचे जिओ-टॅग फोटो, उपस्थितांच्या सह्या हे सारे त्यातूनच येते. पुरावा ठेवणे योग्यच आहे. त्रास होतो तो पुरावा आयत्या वेळी गोळा करण्याचा, जेव्हा रात्री साडेनऊला ग्रुपवर संदेश येतो की मागील पाच वर्षांची माहिती उद्या अकरापर्यंत सोबतच्या नमुन्यात द्यावी, आणि तो नमुना मागच्या महिन्यातील नमुन्यापेक्षा एका रकान्याने वेगळा असतो.

यासाठी स्वतःची एकच मूळ तक्ता-फाइल ठेवावी. आपले नाव, नेमणुकीचा दिनांक, शोधनिबंध, चर्चासत्रे, घेतलेले कार्यक्रम, मार्गदर्शनाखालील विद्यार्थी, सर्व काही शैक्षणिक वर्षानुसार त्या एका ठिकाणी असावे. कोणताही नमुना आला तरी त्यातून माहिती उचलून देता येते. कार्यक्रम झाला की त्याच दिवशी सूचना, फोटो, सह्यांचा कागद आणि अर्ध्या पानाचा अहवाल एका फोल्डरमध्ये टाकावा आणि फोल्डरच्या नावात दिनांक आधी लिहावा. पंधरा दिवसांनी अहवाल लिहायला बसले की पाहुण्यांचे नावही आठवत नाही. आठवड्यातला एक ठरलेला तास, शनिवारी दुपारचा असेल तर उत्तम, या कामाला द्यावा आणि बाकीच्या दिवशी त्याचा विचार करू नये.

तास चालू असताना शिपाईमामा दारात येऊन "सर, साहेबांनी माहिती घेऊन बोलावलंय" म्हणतात, हा प्रसंग प्रत्येकावर येतो. मामांना दोष देऊ नये. "तास संपला की दहा मिनिटांत घेऊन येतो, असे साहेबांना सांगा" एवढेच सांगावे आणि खरोखर दहा मिनिटांत जावे. प्राचार्यांना एकदा शांत वेळी भेटून विनंती करावी, की सर, माझ्या तासांचे वेळापत्रक आपल्या टेबलावर ठेवतो, त्या वेळा सोडून केव्हाही बोलवा. बहुतेक प्राचार्य स्वतः शिक्षक राहिलेले असतात आणि ही विनंती त्यांना रुचते. ज्यांना रुचत नाही, त्यांच्यापुढे मूळ तक्ता-फाइल वेळेवर ठेवली की बोलावणीच कमी होतात.

बैठकांविषयी फार सांगण्यासारखे नाही. विषय आधी विचारून घ्यावा, आपला मुद्दा एका कागदावर लिहून न्यावा, बोलून झाल्यावर पुन्हा बोलू नये.

स्टाफरूममध्ये

तासिका तत्त्वावर काम करणारे सहकारी आपल्याइतकेच, कित्येकदा आपल्याहून अधिक शिकवतात आणि त्यांना मोबदला मात्र घेतलेल्या तासांपुरताच मिळतो, तोही अनेकदा महिनोन्महिने उशिरा. सुटीचा दिवस, परीक्षेचा काळ, काढणीमुळे न भरलेला वर्ग, या सर्वांची झळ थेट त्यांच्या घरखर्चाला बसते. पूर्णवेळ शिक्षकाने निदान इतके करावे: त्यांच्या मासिक देयकावर विभागप्रमुख म्हणून सही करायची असेल तर ती त्याच दिवशी करावी, फोटो, अहवाल, शिबिराची धावपळ ही मोबदला नसलेली कामे त्यांच्यावर ढकलू नयेत, आणि वेळापत्रक करताना त्यांचे तास सलग ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या गावच्या महाविद्यालयातही त्यांना तास घेता येतात. जे स्वतः तासिका तत्त्वावर आहेत त्यांनी घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद दिनांक, वर्ग आणि घटकासह स्वतःच्या वहीतही ठेवावी. देयकात तफावत आली तर तीच वही कामी येते.

वैताग बोलून दाखवण्यासाठी स्टाफरूममध्ये एखादा तरी विश्वासू सहकारी असावा. तक्रार तिथे करावी, वर्गात नेऊ नये. मुलांपुढे संस्थेविषयी, प्राचार्यांविषयी किंवा पगाराविषयी बोलणाऱ्या शिक्षकाला मुले सहानुभूती दाखवतात, पण त्या तासाला ती काही शिकत नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराची जबाबदारी आली तर ती टाळू नये. वर्गात वर्षभर न बोललेली मुले तिथे भाकरी थापताना, बंधाऱ्याचे दगड उचलताना आणि रात्रीच्या कार्यक्रमात मनसोक्त बोलतात. परतल्यावर त्यांचे गाव, घर आणि बोलणे आपल्या ओळखीचे झालेले असते आणि त्याच वर्गाला शिकवणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे जाते. शिबिराची तारीख मात्र हरभऱ्याच्या काढणीआधीची धरावी.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, मूल्यांकन केंद्रावरील काम संपते आणि हाती थोडा रिकामा वेळ येतो. त्या वेळी पुढील वर्षाचा टीचिंग प्लॅन नव्याने लिहिण्याऐवजी सरत्या वर्षाचा कॅटलॉग उघडावा, कोणत्या आठवड्यात किती मुले होती ते पाहावे, आणि जे घटक रिकाम्या बाकांपुढे शिकवले गेले त्यांच्यापुढे खूण करून त्यांची जागा ऑगस्टमध्ये हलवावी. ज्या मुलांची हजेरी दिवाळीनंतर थांबली त्यांची नावे वेगळ्या कागदावर उतरवून, निकाल लागण्याआधी प्रत्येकाला एक फोन करावा आणि पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची तारीख सांगावी.